तडजोडीचे कलम आणि राज्यसभेतला तो दिवस

शिरूर आणि दौंड तालुक्यांत अन्याय-अत्याचाराची प्रकरणे हाताळताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. गुन्हा नोंदवून आठवडा होत नाही, तोच फिर्यादीचा बाप समोर येऊन बसतो आणि हळूच म्हणतो, "जयभीम साहेब, मिटवून टाकता येईल का?" आम्ही त्याला दोष देत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच उसात त्याची मजुरी असते. परंतु याच तडजोडीचा एक इतिहास राज्यसभेत घडला आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

तो दिवस १६ सप्टेंबर १९५४. लोकसभेच्या निवडणुकीत १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात बाबासाहेबांचा पराभव झाला होता. संविधानाच्या शिल्पकाराला लोकसभेचे दार बंद झाले. पण राज्यसभेत ते १९५२ पासून होते. त्या दिवशी सभागृहापुढे अस्पृश्यता (गुन्हे) विधेयक होते. गृहमंत्री होते कैलासनाथ काटजू. बाबासाहेबांनी विधेयकाच्या नावावरच आक्षेप घेतला. हा कायदा अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे, तर नावातही तेच आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. वकील म्हणून आम्ही सांगतो, पुष्कळ आहे. हक्क म्हटला की फिर्यादी दयेचा याचक राहत नाही.

सरकारने ऐकले नाही. १ जून १९५५ पासून कायदा जुन्याच नावाने लागू झाला. त्याच्या कलम १५ ने हे गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने तडजोडयोग्य ठरवले. म्हणजे गावाने दबाव आणायचा, दुबळ्याने मान तुकवायची आणि कायद्याने त्याला तडजोड म्हणायचे! 'नागरी हक्क संरक्षण कायदा' हे नाव मिळायला आणि तडजोडीची पळवाट बुजायला १९७६ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा २० वर्षे होत आली होती.

१९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही तडजोडीची तरतूद नाही. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याची धार बोथट केली, तेव्हा समाज रस्त्यावर उतरला आणि ९ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यसभेला दुरुस्ती विधेयक मंजूर करावे लागले. पण कायद्यात नसलेली तडजोड चावडीवर आजही होते. साक्षीदार फितूर होतात, आरोपी सुटतात, आणि वर 'खोटी केस' म्हणून आपल्यालाच हिणवले जाते.

यावर उपाय कायद्यातच आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५ अ पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. हे संरक्षण किती जणांना मिळाले? राज्यसभेत रोज १५ तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी असतात, त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. महाराष्ट्राचे तिथे १९ खासदार आहेत. त्यांना आमदार निवडून देतात, आणि त्या मतांत शिरूर-दौंडच्या आमदारांचेही मत असते. मग ६ डिसेंबरला अभिवादनाला येणाऱ्या या मंडळींना आपण हा प्रश्न का विचारू नये?

बाबासाहेब त्या सभागृहात आपल्यासाठी उभे राहिले. आज तिथे आपला प्रश्न उभा करणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.