आपल्या मुलाचाही डाव : दिव्यांग बालकांसाठी घरगुती क्रीडासाधने

गल्लीत मुले खेळत असतात आणि एक मूल ओट्यावर किंवा चाकाच्या खुर्चीत बसून ते पाहत असते. कोणी त्याला खेळात घेतलेच, तर 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही आणि त्याच्या धावाही मोजल्या जात नाहीत. पालक हे प्रेमाने आणि काळजीपोटी मान्य करतात. तथापि मुलाला त्याचा अर्थ कळतो.

दिव्यांग बालकालाही इतर बालकांइतकीच खेळाची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांनीही दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करणे हितकारक आहे. जे मूल आज काहीच हालचाल करत नाही, त्याने १० मिनिटांपासून आरंभ करावा. थोड्या खेळाचाही लाभ होतो. खेळामुळे स्नायूंना बळ मिळते, सांधे आखडण्याचे प्रमाण कमी होते, भूक व झोप सुधारते आणि बद्धकोष्ठतेचा त्रास घटतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ नुसार शाळांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे बंधनकारक आहे.

अडचण बहुधा साधनाची असते. चेंडू दिसत नाही, बॅट पकडता येत नाही किंवा हात फेकण्याइतका उचलत नाही. अशा वेळी मुलाला खेळाबाहेर ठेवण्याऐवजी साधन बदलावे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू घरात किंवा जवळच्या दुकानात मिळतात.

प्रथम निरीक्षण करा

काही बनवण्यापूर्वी दोन-तीन दिवस मुलाकडे लक्षपूर्वक पाहा. त्याची कोणती हालचाल त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे : बोटांची, कोपराची, पायाची की मानेची? कोणत्या बाजूस अधिक बळ आहे? आधाराशिवाय ते किती वेळ बसू शकते? त्याला काय दिसते आणि काय ऐकू येते? ताब्यातील त्या एका हालचालीभोवती साधन रचावे. आणखी एक प्रश्न मुलालाच विचारावा : "तुला काय खेळायचे आहे?" बोलता न येणारे मूलही नजरेने किंवा खुणेने उत्तर देते.

१. आवाज करणारा चेंडू : अंध व अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी

झाकण घट्ट बसणारी लहान, मजबूत प्लास्टिकची डबी घ्यावी. तिच्यात ८-१० घुंगरे घालून झाकण चिकटपट्टीने पूर्ण बंद करावे. डबीभोवती जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या ताणून गुंडाळाव्यात व गोल आकार आल्यावर वरून जाड कापडाचे आवरण दुहेरी टाक्यांनी शिवावे. अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी जमिनीच्या रंगाहून अगदी वेगळा, ठळक रंग निवडावा.

हा चेंडू हवेतून फेकू नये, जमिनीवरून घरंगळत टाकावा, म्हणजे आवाज अखंड येतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू टाकण्यापूर्वी फलंदाजाला तयार आहे का, असे विचारतो आणि होकार मिळाल्यावरच चेंडू सोडतो. गल्लीतही हाच नियम ठेवावा. या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली नवी दिल्लीत झाला. सीमारेषेसाठी जमिनीवर सुतळी ताणून तिच्यावर रुंद चिकटपट्टी लावावी. पायाला व बोटांना रेषेचा उंचवटा लागतो आणि मुलाला आपली जागा स्वतः ओळखता येते. मुले हा खेळ खेळत असताना इतरांनी शांतता पाळावी.

२. जाड मूठ व हातपट्टा : पकड कमकुवत असलेल्या मुलांसाठी

बॅट किंवा रॅकेटच्या दांड्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळून मूठ जाड करावी. पाण्याच्या नळ्यांवर चढवतात ते फोमचे आवरणही चालते. मुलाची बोटे मुठीभोवती सहज वळतील इतकीच जाडी ठेवावी. तरीही बॅट सुटत असल्यास मऊ कापडाचा सुमारे ५ सेंटिमीटर रुंद पट्टा मुठीला जोडून हाताच्या पाठीवरून वेल्क्रोने बंद करावा. पट्टा व त्वचा यांमध्ये एक बोट सहज शिरले पाहिजे आणि ओढ बसताच पट्टा सुटला पाहिजे. दोरी, सुतळी किंवा रबरबँडने हात कधीही बांधू नये.

३. टांगलेला चेंडू : बसून खेळणाऱ्या मुलांसाठी

मऊ चेंडू जुन्या मोज्यात घालून झाडाच्या फांदीला किंवा भक्कम खुंटीला मुलाच्या छातीच्या उंचीवर टांगावा. टोला मारल्यावर चेंडू परत येतो, त्यामुळे तो आणून देण्यासाठी दर वेळी कोणाची वाट पाहावी लागत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाच्या खुर्चीचे ब्रेक आधी लावावेत. खेळ संपताच दोरी काढून ठेवावी. लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याभोवती अडकू शकते.

४. उतरण : चेंडू फेकता न येणाऱ्या मुलांसाठी

बोचिया हा पॅरालिम्पिकमधील खेळ आपल्या गोट्यांच्या खेळाशी नाते सांगतो. पांढरा चेंडू लक्ष्य असतो. एका बाजूकडे सहा लाल व दुसरीकडे सहा निळे चेंडू असतात आणि लक्ष्याच्या अधिक जवळ पोहोचणाऱ्यास गुण मिळतात. मेंदूचा पक्षाघात म्हणजेच सेरेब्रल पाल्सी असलेले अनेक खेळाडू हा खेळ खेळतात. ज्यांना चेंडू फेकता येत नाही, ते उतरणीवरून सोडतात.

घरी उतरण करण्यासाठी बाजारात चार इंची म्हणून मिळणारा, ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप सुमारे सव्वा मीटर लांबीचा घ्यावा. प्लंबरकडून तो लांबीच्या दिशेने मधोमध कापून पन्हळीसारखा करून घ्यावा. कडा पॉलिश पेपरने घासून त्यांवर कापडी चिकटपट्टी लावावी. वरचे टोक मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर स्टुलाला पक्के बांधावे आणि खालचे टोक जमिनीला टेकवावे. गुळगुळीत रबरी चेंडू त्यावरून नीट घरंगळतो. चेंडू जितक्या वरून सोडावा तितका तो दूर जातो. हे गणित मुले काही खेळींतच आपोआप शिकतात.

जे मूल हाताने टाकू शकते, त्याच्यासाठी जुन्या मोज्यांत धान्य भरून, तोंड शिवून चेंडू करावेत. बोचियाचा चेंडू सुमारे २७५ ग्रॅम वजनाचा असतो. लहान मुलासाठी याहून हलका चेंडू घ्यावा.

या खेळातील एक नियम प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावा. उतरणीवरून खेळणाऱ्या खेळाडूचा साहाय्यक मैदानाकडे पाठ करून बसतो. खेळाडू सांगेल त्या दिशेला त्याने उतरण वळवायची असते. मैदानाकडे पाहण्याची त्याला परवानगी नसते. निशाणा खेळाडूचा, चूकही त्याचीच आणि गुणही त्याचाच. घरीही हाच नियम पाळावा. आपण उतरण धरा, मात्र नेम मुलाला धरू द्या. चेंडू चुकला तर चुकू द्या.

सुरक्षिततेसाठी आवश्यक दक्षता

• स्पायना बायफिडा म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्स रबराच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण अधिक असते. त्यांच्या साधनांत फुगे, रबरबँड वा रबरी चेंडू वापरू नयेत. उतरणीसाठी प्लास्टिकचा चेंडू घ्यावा.

• ज्या अवयवाला संवेदना नाही, तेथे पट्टा रुतला तरी मुलाला कळत नाही. दर १५ मिनिटांनी पट्टा सोडून त्वचा पाहावी. लाली बराच वेळ टिकल्यास त्या जागी पुन्हा पट्टा बांधू नये आणि आरोग्य कर्मचाऱ्यास दाखवावे.

• डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. वैद्यकीय सल्ल्याशिवाय कोलांट्या, डोक्यावर भार येणारे खेळ वा चेंडूला डोक्याने टोला देणे टाळावे. चालण्यात नव्याने अडखळणे, मानदुखी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसल्यास खेळ थांबवून त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

• अपस्माराचे म्हणजे फिट्सचे झटके येणाऱ्या मुलास पाण्यात किंवा उंचावर क्षणभरही एकटे सोडू नये.

• घुंगरे, बटणे व मणी लहान मूल गिळू शकते. चेंडूची शिवण प्रत्येक खेळापूर्वी तपासावी आणि उसवलेला चेंडू बाजूला ठेवावा.

घरी काय बनवू नये

खेळाचे साधन घरी करता येते. शरीराचा भार पेलणारे साधन घरी करू नये. चाकाची खुर्ची, कृत्रिम अवयव, कॅलिपर आणि पाठ वा मान सावरणारे आधार मुलाच्या मापाने, तज्ज्ञांकडूनच घ्यावेत. चुकीच्या मापाने जखमा होतात आणि हाडांची ठेवणही बिघडू शकते. केंद्र शासनाच्या एडिप योजनेअंतर्गत पात्र व्यक्तींना अशी साधने उत्पन्नाच्या निकषांनुसार मोफत वा सवलतीत मिळतात.

साहाय्य कोठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्या व शासकीय शाळांमध्ये बालकांची तपासणी करते आणि गरजेनुसार त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. तेथील फिजिओथेरपिस्टला आपण बनवलेले साधन दाखवावे. बसण्याची योग्य स्थिती व सुरक्षित हालचाली त्यांच्याकडून शिकून घ्याव्यात. आपल्या भागातील आशा कार्यकर्ती आणि शाळेतील विशेष शिक्षक यांच्याकडेही चौकशी करावी.

साधन तयार झाल्यावर ते घरातच ठेवू नका. शेजारच्या मुलांना बोलवा आणि त्यांनाही त्याच उतरणीवरून, त्याच घुंगराच्या चेंडूने खेळू द्या. खेळाचे नियम सर्वांसाठी सारखे ठेवा. आपले मूल बाद झाले तर त्याला बाद द्या आणि जिंकले तर त्याचे गुण पाटीवर लिहा.