हळदीचा पिवळा, डब्यातला पिवळा

सांगलीच्या बाजारपेठेत हळकुंड मोडून, गाभा पाहून हळदीची पारख केली जाते. सातारा जिल्ह्यातील हळदही मोठ्या प्रमाणात याच पेठेत येते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र दळलेल्या हळदीपुढे अनुभवी डोळाही हतबल ठरतो. हळदीतील कर्क्युमिन पिवळे आणि भेसळीसाठी वापरला जाणारा मेटॅनिल यलो हा रंगही पिवळाच! खाद्यपदार्थांत या रंगाला बंदी आहे. उंदरांवरील प्रयोगांत त्याचे मज्जासंस्थेवर दुष्परिणाम आढळले आहेत.

अशा वेळी कामी येते ती पेपर क्रोमॅटोग्राफी, अर्थात कागदावर रंगद्रव्ये वेगळी करण्याची पद्धत. आम्लयुक्त द्रावणात नमुन्याबरोबर पांढरी लोकर उकळली, की कृत्रिम रंग लोकरीला धरतो. लोकर धुऊन तो सौम्य अमोनियात उतरवून घेतात. या द्रावणाचा ठिपका गाळणकागदावर देतात व शेजारी ओळखीच्या रंगांचे ठिपके ठेवतात. कागदाचे टोक द्रावकात बुडवले, की द्रावक केशाकर्षणाने वर चढू लागतो. कागदाला चिकटून राहणारे रंगद्रव्य मागे पडते, द्रावकात रमणारे पुढे जाते. संशयित ठिपका मेटॅनिल यलोच्याच उंचीवर थांबला, तर संशय बळावतो. तरीही एका उंचीवर विसंबू नये. दुसरा द्रावक वापरून खात्री करावी लागते.

गंमत म्हणजे ही पद्धतही लोकरीच्याच संशोधनातून आली. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकरीतील प्रथिनांचे घटक वेगळे करताना आर्चर मार्टिन व सहकाऱ्यांनी ती १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. मार्टिन व रिचर्ड सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा तांबूस रंग खवा भाजल्याने येतो. हिरव्या बर्फीचे तसे नाही. मिठाईत काही मोजके कृत्रिम रंग ठरावीक मर्यादेत चालतात आणि बाजारातील हिरवा रंग बहुधा पिवळ्या-निळ्याचे मिश्रण असतो. घरी गाळणकागदाच्या पट्टीवर, टोकापासून दोन सेंटिमीटर वर त्याचा ठिपका द्यावा आणि टोक मिठाच्या पाण्यात धरावे. थोड्याच वेळात दोन रंग वेगळे होऊ लागतात. ठिपका पाण्याच्या वरच राहिला पाहिजे. खूण पेन्सिलीनेच करावी, अन्यथा पेनाची शाईही धावू लागते.

हळकुंडांना चकाकी देण्यासाठी काही ठिकाणी वापरले जाणारे लेड क्रोमेट मात्र या परीक्षेतून निसटते. शिसेयुक्त असल्याने ते अधिकच घातक. पण द्रावकात विरघळत नसल्याने कागदावर चढतच नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत शिशाचीच स्वतंत्र तपासणी करावी लागते.