ग्राहक फसवणुकीची तक्रार

वस्तू किंवा सेवा विकत घेताना झालेल्या फसवणुकीबाबत सक्षम यंत्रणेकडे दाद मागणे म्हणजे ग्राहक तक्रार होय. ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ नुसार तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या किंवा व्यवहाराच्या जिल्ह्यातच करावी लागे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने (कलम ३४) ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा दिली. ग्रामीण ग्राहकासाठी हा बदल सर्वांत मोलाचा ठरला. मुंबई–गोवा महामार्गावरील कसाल (ता. कुडाळ) येथील रहिवाशाने दूरच्या शहरातून ऑनलाइन मागवलेली वस्तू सदोष निघाल्यास त्याला जवळच्याच ओरोस (सिंधुदुर्गनगरी) येथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची असून वकील सक्तीचा नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्कही नाही.

अर्थात, आयोगापुढे विक्रेत्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो. तोतया बँक अधिकाऱ्याने खात्यातून पैसे काढल्यास प्रतिपक्षच अज्ञात असतो. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. पैसे गेले नसतील, तरी संशयास्पद दूरध्वनी 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेत नोंदवता येतो.