बाहुबळाचे मोजमाप

‘बळ’ हा शब्द आपण व्यवहारात फार सैलपणे वापरतो. तालमीत एका दमात शेकडो जोर काढणारा पहिलवान बलवान ठरतो. परंतु जोरांच्या संख्येवरून मोजला जातो तो मुख्यतः त्याचा दमसास. कमाल बळ ही निराळी गोष्ट आहे. स्नायूंच्या एखाद्या गटाला एकाच प्रयत्नात जास्तीत जास्त जेवढ्या विरोधावर मात करता येते, ते त्याचे कमाल बळ होय.

खांदे, छाती व दंड यांच्या बाबतीत ते सामान्यतः ‘बेंच प्रेस’ने मोजतात. खेळाडू बाकावर उताणा निजतो, वजनाचा दांडा छातीला टेकेपर्यंत खाली आणतो आणि कोपरे सरळ होईपर्यंत वर रेटतो. उशाशी मदतनीस उभा असलाच पाहिजे. प्रथम हलक्या वजनाने अंग मोकळे करून घ्यावे, मग वजन वाढवीत जावे आणि प्रत्येक जड प्रयत्नानंतर तीन ते पाच मिनिटे विश्रांती द्यावी. पाच-सहा प्रयत्नांत उत्तर हाती आले नाही, तर पुढे बळाऐवजी थकवाच मोजला जातो. मुरलेल्या खेळाडूसाठी अखेरची वाढ अडीच किलोची किंवा त्याहूनही कमी ठेवतात. कारण कित्येक महिन्यांच्या मेहनतीनंतर त्याची प्रगतीच मुळी तेवढी होत असते.

दांडा छातीवर आपटून उसळवला, तर आकडा वाढतो, बळ वाढत नाही. भारोत्तोलनाच्या स्पर्धांना ही अडचण चांगलीच भोवली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत त्यांत ‘प्रेस’ हा तिसरा प्रकार असे. खांद्यापाशी घेतलेले वजन केवळ हातांच्या बळावर डोक्यावर न्यायचे, हा त्याचा नियम. पुढे स्पर्धक कंबरेतून इतके मागे झुकू लागले, की किती झुकणे क्षम्य मानावे हे पंचांना ठरवता येईना. त्या ऑलिंपिकनंतर हा प्रकार वगळण्यात आला.

उरलेल्या ‘स्नॅच’ आणि ‘क्लीन अँड जर्क’ या प्रकारांत पायांचा वाटा मोठा असला, तरी अखेरीस भार पेलतात ते खांदे व कोपरेच. सांगलीच्या संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ व जर्कमध्ये १३५ किलो उचलले. पुढे १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली. तशाही स्थितीत त्याने तेच वजन पुन्हा घेऊन पाहिले, पण ते साधले नाही. त्याची बेरीज २४८ झाली. मलेशियाच्या अनिक कसदानची २४९. सुवर्णपदक एका किलोने हुकले. निकालपत्रकातील १३५ हा आकडा त्याच्या पायांत व पाठीत त्या दिवशी किती बळ शिल्लक होते हे सांगत नाही.

दुखापतीचे भय असेल तेव्हा प्रशिक्षक अनुमानावर भागवतात. एप्ली यांच्या सूत्रानुसार, उचललेल्या वजनाच्या तिसाव्या भागाला आवर्तनांच्या संख्येने गुणून तो गुणाकार मूळ वजनात मिळवायचा. ८० किलो सहा वेळा उचलणाऱ्याचे कमाल बळ ९६ किलो येते. आवर्तने दहापलीकडे गेली, की या अनुमानावर फारसे विसंबू नये.

शिवाय बेंच प्रेस मोजते ते रेटण्याचे बळ. कुस्तीगिराला प्रतिस्पर्ध्याला ओढावेही लागते. त्यासाठी कमरेला वजन बांधून आडव्या दांड्यावर अंग वर खेचायला लावतात. येथे शरीराचे वजनही हिशेबात धरले पाहिजे : ७५ किलोच्या मल्लाने ३० किलो बांधून एकदाच अंग वर खेचले, तर नोंदवहीत १०५ लिहावे.