जुन्या सायकलवरचं स्टिकर: नाव काढा, रंग राखा

शाळा सुरू व्हायचे दिवस आले की गावात जुन्या सायकलींची देवघेव सुरू होते. एकीची मुलगी १२वी झाली, तिची सायकल पडवीत उभी. दुसरीची मुलगी ८वीत गेली आणि शाळा ४ किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांतल्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. २०२२ साली ते ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. पण सगळ्याच घरांना ते मिळत नाही. तिथं जुनी सायकल हाच आधार.

आता या जुन्या सायकलवर आधीच्या मालकानं काहीबाही चिकटवलेलं असतं. कुणाच्या पोराचं नाव, कुणा सिनेमावाल्याचं तोंड, निवडणुकीतलं चिन्ह. आपण म्हणतो, त्यात काय एवढं? चाकं फिरतायत ना! पण वर्गातली पोरं त्या नावावरून चिडवतात आणि मुलगी सायकल घरी ठेवून पायी जायला लागते. गटांच्या बैठकीत ही गोष्ट आमच्या कानावर येते. सायकल दारात असून शाळा लांब राहिली, तर काय उपयोग? म्हणून आज हे स्टिकर कसं काढायचं ते सांगतो. खर्च जवळजवळ काहीच नाही.

पहिलं म्हणजे विळी, सुरी, ब्लेड, पॉलिश पेपर आणि भांड्याची तारेची घासणी बाजूला ठेवा. सायकलची फ्रेम बहुतेक वेळा लोखंडी असते आणि रंग हे त्या लोखंडाचं पांघरूण असतं. खरवडताना रंग गेला की पहिल्याच पावसात तिथं तांबेरा दिसायला लागतो. स्टिकर गेलं, पण गंज आला, तर सौदा तोट्याचा.

मग स्टिकरच्या कडेवरून नख फिरवून बघा. कड नखाला लागली, तर स्टिकर रंगाच्या वर आहे आणि ते निघेल. कड लागतच नाही, सगळं गुळगुळीत आहे, तर ते वार्निशच्या खाली आहे. कंपनीची नावं पुष्कळदा अशी असतात. ती काढायची तर वरचं वार्निशही जातं आणि नळी पुन्हा रंगवावी लागते. त्यापेक्षा त्यावर चमकणारी पट्टी लावून ते झाकणं सोपं. रंगवायचंच असेल, तर घासलेली जागा तशीच उघडी ठेवू नका. खिडकीच्या गजांना लावतो तो रेड ऑक्साइड आधी लावा, तो वाळला की ऑइल पेंट.

वरचं स्टिकर काढायला ऊब हवी. त्याचा डिंक गरम झाला की मऊ पडतो. कडक ऊन असेल तर सायकल अर्धा तास उन्हात ठेवा. पावसाळी हवा असेल तर फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा आणि स्टिकरवर ५ मिनिटं दाबून धरा. असं दोन-तीनदा करा. हात भाजणार नाही इतपतच पाणी गरम घ्या. हँडलच्या आणि पायडलच्या सांध्यात पाणी जाऊ देऊ नका. आत गोळ्या असतात, त्यांचं ग्रीस धुऊन जातं.

आता एक कोपरा नखानं उचला. नख पुरत नसेल तर प्लास्टिकची पट्टी किंवा बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या. कोपरा सुटला की स्टिकर सरळ वर ओढू नका. मागं दुमडून, नळीला लागून हळूहळू ओढा. झटका दिला तर तुकडे होतात, कधी रंगही सोबत येतो. अडलं की पुन्हा गरम फडकं.

स्टिकर निघालं की खाली चिकट डिंक उरतो. त्यावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळा आणि २० मिनिटं तसंच राहू द्या. मग जुन्या सुती कापडानं गोल गोल पुसा. तरीही राहिला तर फडक्यावर थोडं रॉकेल घ्या. आधी सीटखाली, सहसा दिसणार नाही अशा जागी लावून रंग उतरत नाही ना ते बघा. रॉकेल चुलीपासून लांब, मोकळ्या हवेत वापरा आणि ते टायरला लागू देऊ नका. पेट्रोल वापरूच नका, ते लगेच पेट घेतं. थिनरही नको, त्यानं डिंकाबरोबर रंगही विरघळतो. शेवटी साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडं करा.

एक गोष्ट विसरू नका. तेलाचा हात रिमला किंवा ब्रेकच्या रबराला लागता कामा नये. रिमवर तेल असलं की ब्रेक धरत नाही आणि उतारावर मुलगी पडू शकते. लागलंच तर साबणानं धुऊन पुसा. सायकल हातात धरून चालवत ब्रेक दाबून बघा, मगच मुलीला बसू द्या.

स्टिकर निघालं की खालची नळी नीट न्याहाळा. विकताना कधी कधी वाईट जागा झाकायलाच स्टिकर लावलेलं असतं. सांध्याजवळ केसासारखी रेघ दिसली, रंग फुगलेला किंवा गंज दिसला, तर आधी सायकलवाल्याला दाखवा. रेघ असेल तर तोवर कुणीही त्या सायकलवर बसायचं नाही.

आणि नंबर! फ्रेमवर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो. बहुतेक वेळा तो सायकल उलटी केली की पायडलच्या जोडाखाली दिसतो. तो घासायचा नाही, रंगानं बुजवायचा नाही. नंबर छापलेलं स्टिकर असेल तर तेही राहू द्या. सायकल चोरीला गेली तर आपली म्हणून ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो. सायकल घेताना एका कागदावर देणारीचं नाव, तारीख, किंमत आणि हा नंबर लिहून दोघींनी सही करा. नंबर आधीच खरवडलेला असेल, तर का खरवडला ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टिकरच्या जागी रंग थोडा गडद दिसेल, कारण तिथं ऊन लागलेलं नसतं. बाकीची नळी उन्हानं फिकी झालेली असते. मुलीला तो डाग खटकत असेल तर तिच्या आवडीची पट्टी तिथं लावू द्या. मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढं पांढरी चमकणारी पट्टी लावली, तर संध्याकाळी गाडीवाल्याला सायकल लांबून दिसते. मुलीचं नाव आणि फोन नंबर मात्र बाहेर लिहू नका. कुणीही वाचतं. चिठ्ठीवर लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीटखाली बांधा.

एका दुपारचं काम आहे. मुलीलाही सोबत घ्या. स्वतःच्या हातानं पुसलेली सायकल तिला आपली वाटते, आणि उद्या पुढच्या मुलीला देताना ती रंगासकट धड राहते. पुढच्या वेळी पंक्चर घरी कसं काढायचं ते बघू. तोवर, नमस्कार.