तो, ती की ते? ओढा, सोडा आणि ओळखा!

“आजी, माझी पुस्तक कुठंय?” भिलाईच्या नेहरू नगरातल्या मराठी घरात असं वाक्य कानावर आलं, की आजी लगेच सुधारते, “माझं पुस्तक म्हण, बाळा.” यात मुलांचा काय दोष? शाळा, मैदान, बाजार, सगळीकडे हिंदी. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. हिंदीतली ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, आपलं पुस्तक मात्र नपुंसकलिंगी. सारखं टोकलं, तर मुलं घरातही हिंदीच बोलू लागतात. त्यापेक्षा याचा खेळ करू या.

ऑनलाइन प्रश्नमंजूषेत ‘ओढा आणि सोडा’ प्रकारचे प्रश्न तयार करता येतात. पडद्यावर तीन चौकटी काढा : तो, ती, ते. खाली नऊ शब्दांच्या पाट्या ठेवा : आवाज, चहा, पंखा, मजा, खुर्ची, भिंत, पुस्तक, नाक, दूध. मुलांनी प्रत्येक पाटी ओढून योग्य चौकटीत टाकायची.

खरी मेहनत शब्द निवडण्यात आहे. पंखा, खुर्ची, भिंत हे सोपे शब्द हुरूप यावा म्हणून. बाकीचे सहा मुद्दाम निवडलेले, कारण तिथे हिंदी आणि मराठीच्या वाटा वेगळ्या होतात. पुस्तक आणि नाक ‘ती’मध्ये, दूध ‘तो’मध्ये गेलं, तर मूल हिंदीच्या सवयीने विचार करतंय हे लगेच कळतं. ‘वेळ’सारखा शब्द मात्र टाळा. तो वेळ आणि ती वेळ, दोन्ही बरोबर!

चौकटीचं नावही नेमकं हवं. समजा, भिलाईच्या पोलाद कारखान्यावर प्रश्न करायचा आहे. ‘कच्चा माल’ आणि ‘तयार माल’ अशा चौकटी केल्या, तर कोक कुठे टाकणार? कोळशापासून तो तयार होतो आणि झोतभट्टीत कच्चा माल म्हणून जातो. त्याऐवजी ‘झोतभट्टीत काय जातं?’ आणि ‘झोतभट्टीतून काय निघतं?’ असं विचारा. दल्ली-राजहराचं लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोक पहिल्या चौकटीत. वितळलेलं लोखंड आणि मळी दुसऱ्या. गोंधळ संपला.

हे प्रश्न ‘एच-फाइव्ह-पी’ या साधनात करता येतात. तिथे दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक पाटीला तिन्ही चौकटींत जाण्याची मुभा द्या. फक्त बरोबर चौकट खुली ठेवली, तर चुकीच्या जागी टाकलेली पाटी आपोआप परत येते आणि उत्तर फुटतं. शिवाय ‘एका चौकटीत एकच पाटी’ अशी खूण असेल तर ती काढून टाका. ‘गूगल फॉर्म्स’मध्ये ओढण्याची सोय नाही; तिथे आडव्या ओळींत शब्द आणि उभ्या रकान्यांत तो, ती, ते असा तक्ता करा. थरथरत्या हाताच्या आजोबांनाही तो भरणं सोपं जातं. मोबाइलवर खेळायचं असेल, तर पाट्या मोठ्या आणि मोजक्याच ठेवा.

गुण पाहताना एक हिशेब लक्षात असू द्या. नुसत्या अंदाजाने सगळ्या ९ पाट्या बरोबर पडण्याची शक्यता १९,६८३ मध्ये एक. पण ३ पाट्या तर सरासरी अंदाजानेच बरोबर पडतात. म्हणून ९ पैकी ३ गुणांवर शाबासकी नको आणि रागावणंही नको. “ही पाटी इथे का टाकलीस?” एवढंच विचारा. मग त्याच शब्दाचं एक वाक्य बोलून घ्या : मजा आली, आवाज आला, दूध सांडलं.

पुढच्या रविवारी डाव उलटा करा. शब्द नातवंडांनी निवडायचे आणि पाट्या आजीने ओढायच्या. आजीला चकवायचं म्हणून मुलं शब्द शोधू लागतील आणि प्रत्येक शब्द तो, ती की ते, हे आधी त्यांनाच ठरवावं लागेल.