पंखा फिरतो, पडदा काळाच

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते त्या मुखावर, किल्ल्याच्या पायथ्याशी पूर्णगड वसलं आहे. चार महिने धो धो पाऊस आणि एरवी दिवसभर खारे वारे, अशी इथली हवा. चाकरमान्यांची घरं मे महिना संपता संपता बंद होतात ती गणपतीला उघडतात. तेव्हा घरातल्या डेस्कटॉपचं बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो, पण मॉनिटर काळाच राहतो. मग निदानं सुरू होतात: विंडोज उडाली, हार्ड डिस्क गेली, मदरबोर्ड जळला. या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, पंखा फिरतोय म्हणजे संगणक सुरू झाला. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी धडधाकट यंत्रं भंगारात जातात.

पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. ते मिळाले की तो फिरतो, बाकी यंत्र जागं असो वा नसो. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून ३.३, ५ आणि १२ व्होल्ट हे तिन्ही दाब नीट आल्याचा इशारा मदरबोर्डला मिळेपर्यंत प्रोसेसर थांबवून ठेवलेला असतो. प्रोसेसरच्या विजेची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर सैल असली, तरीही पंखा खुशाल फिरतो. प्रोसेसर जागा झाल्यावर बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, आधी रॅम तपासतं, मग पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, आणि हार्ड डिस्कवरच्या विंडोजची पाळी सर्वांत शेवटी येते. म्हणून कंपनीचा लोगोसुद्धा उमटत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. फोटो, हिशेब, सातबाराच्या प्रती बहुधा डिस्कवर जशाच्या तशा असतात. डिस्क बिघडली तर साधारणपणे पडद्यावर तसा संदेश येतो, आणि संदेश यायला पडदा आधी उजळावा लागतो. यावर कोणी म्हणेल, आतून शॉर्ट झालेली डिस्क अख्खं यंत्र अडवू शकते. खरं आहे, पण असं क्वचित घडतं, आणि डिस्कच्या दोन्ही वायरी काढून यंत्र सुरू केलं की त्याचा निकाल लागतो.

किनाऱ्यावर पहिला संशय रॅमवर घ्यावा. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो, आणि पावसाळ्यात इथली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. डीडीआर४ रॅमच्या पट्टीला २८८ सोनेरी संपर्कपट्ट्या असतात. त्यांच्यावरचा सोन्याचा थर अतिशय पातळ, सूक्ष्म छिद्रं असलेला असतो आणि त्याखाली निकेल व तांबं. खारट ओल छिद्रांतून खाली पोचली की गंज वर येतो. नुसत्या डोळ्यांना तो अनेकदा दिसतही नाही, पण एवढ्या पट्ट्यांपैकी एखाद्या महत्त्वाच्या पट्टीचा संपर्क तुटला तरी बायोस तिथेच अडतं. रॅम काढून, पुसून, पुन्हा बसवल्यावर यंत्र सुरू झालं तर रॅम खराब नव्हती, संपर्क खराब होता. तेव्हा नवी रॅम विकत घेण्याआधी एवढं करून पाहावं.

पुसण्यासाठी सर्रास खोडरबर वापरतात. कामही होतं, म्हणून त्याचा आग्रह धरला जातो. पण खरखरीत खोडरबर तोच पातळ थर खरवडतो आणि गंजाला पुढच्या खेपेला वाट मोकळी करून देतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं, धागे न सोडणारं कापड पुरतं. हात घालण्याआधी प्लग काढावा, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. मग रॅमची एकच पट्टी, आळीपाळीनं वेगवेगळ्या खाचांत लावून पाहावी. नव्या डीडीआर५ यंत्रांना रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटंही लागतात, तेवढी वाट पाहावी. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. २३० व्होल्टची वीज आत ३२५ च्या आसपास साठते आणि प्लग काढल्यावरही टिकून राहते.

यंत्रावर प्लास्टिकचं आवरण घातलं की दमट हवेपासून बचाव होतो, हाही गैरसमजच. आवरणानं धूळ थांबते, ओल आत कोंडते. चालू यंत्राच्या उबेनं मात्र आतली आर्द्रता घटते, म्हणून घर बंद नसेल तर पावसाळ्यात रोज थोडा वेळ ते चालवणं आवरणापेक्षा उपयोगी पडतं.

अर्थात प्रत्येक काळा पडदा रॅमचा नसतो. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ उमटत असेल तर मॉनिटरला वीज मिळते आहे, फक्त चित्र पोचत नाही. कीबोर्डवरचं नम लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र बहुधा पुढे गेलं आहे आणि दोष केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये शोधावा. ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या खाचेत खोचलेली असणं ही नेहमीची चूक. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस ‘एफ’ असतं त्यांच्यात चित्राची सोयच नसते, त्यामुळे तिथे त्या खाचेतून काहीच येणार नाही. हे सगळं पाहूनही पडदा उजळला नाही, तर दुसरा एसएमपीएस लावून पाहणाऱ्या कारागिराकडे यंत्र न्यावं आणि मदरबोर्ड बदलायला होकार त्यानंतरच द्यावा.